नीती आणि भाषा: तत्त्वज्ञानात संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षांचे मार्गदर्शन

नैतिक तत्त्वज्ञान आणि भाषेचे तत्त्वज्ञान जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एमए झालेले किंवा शेवटच्या वर्षात असलेले, महाराष्ट्रात राहून पीएचडीचा विचार करणारे विद्यार्थी मुख्यतः डोळ्यांसमोर आहेत. परीक्षा, नोंदणी, अर्ज यांची माहिती पुढे आहेच. पण या क्षेत्रात बहुतेकांची गाडी अडते ती प्रश्न निवडताना, म्हणून सर्वांत जास्त जागा त्यालाच दिली आहे.

आधी हा एक पेच सोडवून पाहा

‘चोरी करणे वाईट आहे’ या वाक्याने नेमके काय घडते? ते कृत्याबद्दल काही माहिती देते, बोलणाऱ्याची नापसंती व्यक्त करते, की ऐकणाऱ्याला वागण्याची दिशा देते? जी. ई. मूर यांनी १९०३ मध्ये ‘चांगले’ या संकल्पनेची व्याख्याच करता येत नाही असे मांडले आणि चर्चेला तोंड फुटले. ए. जे. एअर यांनी १९३६ मध्ये असे म्हटले की अशी वाक्ये भावना व्यक्त करतात, त्यांना खरे-खोटे म्हणता येत नाही. आर. एम. हेअर यांनी १९५२ मध्ये त्यांना आज्ञार्थी वाक्यांच्या जवळ नेऊन ठेवले.

मग १९६५ मध्ये पीटर गीच यांनी एक साधे अनुमान पुढे केले. आपल्या उदाहरणात त्याचा साचा असा. चोरी करणे वाईट असेल, तर धाकट्या भावाला चोरी करायला लावणेही वाईट. चोरी करणे वाईट आहे. म्हणून भावाला चोरी करायला लावणे वाईट. हे अनुमान वैध आहे, म्हणजे आधीची दोन वाक्ये स्वीकारली की निष्कर्षही स्वीकारावाच लागतो, यावर कोणाचेच दुमत नाही. पण पहिल्या वाक्यात ‘असेल तर’ आहे; तिथे बोलणाऱ्याने चोरीबद्दल नापसंती व्यक्त केलेलीच नाही. ‘वाईट’चा अर्थ म्हणजे नापसंती व्यक्त करणे असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यात तो शब्द एकाच अर्थाने येत नाही आणि अनुमान कोसळते. याला फ्रेगे-गीच प्रश्न म्हणतात. सायमन ब्लॅकबर्न आणि ॲलन गिबर्ड यांच्या कामाचा मोठा भाग या अडचणीला उत्तर देण्यात गेला आहे.

पहिला स्वाध्याय असा: हा पेच ४०० शब्दांत, स्वतःच्या उदाहरणाने, एकही उद्धरण न घेता लिहा. मग तो तत्त्वज्ञान न शिकलेल्या एखाद्या हुशार माणसाला वाचायला द्या. अडचण कुठे आहे हे त्याला सांगता आले, तर या क्षेत्रात पाय रोवला असे समजा. सांगता आले नाही, तर बहुधा तुम्ही ‘वैध’ आणि ‘खरे’ यांत गल्लत केली आहे. तर्कशास्त्राचे पुस्तक पुन्हा उघडा आणि विधान-तर्कशास्त्र व विधेय-तर्कशास्त्र हाताखालून जाऊ द्या. त्याशिवाय पुढचे लेख वाचता येत नाहीत.

पहिल्या सहा महिन्यांचे वाचन

विचारवंतांची यादी करून ती संपवायच्या मागे लागू नका. एका आठवड्याला एक लेख पुरे, पण तो तीनदा वाचायचा. पहिल्या वाचनात फक्त निष्कर्ष शोधा आणि एका वाक्यात लिहा. दुसऱ्या वाचनात त्या निष्कर्षाला आधार देणारी विधाने क्रमांक घालून मांडा. ती साधारण चार ते सात निघतात. तिसऱ्या वाचनात त्यांतले सर्वांत कच्चे विधान निवडा आणि ते का कच्चे वाटते हे १५० शब्दांत लिहा. या दीडशे शब्दांच्या नोंदीच पुढे प्रबंधाचे भांडवल होतात. सारांश काढून भरलेल्या वह्या मात्र सहसा पुन्हा उघडल्या जात नाहीत.

क्रम असा ठेवता येईल. पहिले दोन महिने मूर ते गीच. पुढचे दोन महिने भाषेचे तत्त्वज्ञान: फ्रेगेचा अर्थ आणि निर्देश यांतला भेद, जे. एल. ऑस्टिन यांचा वाक्-कृतींचा (बोलण्यातून घडणाऱ्या कृतींचा) विचार, पॉल ग्राइस यांचा ध्वनित अर्थाचा विचार. शेवटचे दोन महिने दोन्हींच्या सीमेवर: बर्नार्ड विल्यम्स यांच्या १९८५ च्या पुस्तकातून रूढ झालेली ‘घन’ नैतिक संकल्पनांची चर्चा (‘क्रूर’, ‘उदार’ असे शब्द, ज्यांत वर्णन आणि मूल्यमापन एकत्र विणलेले असते) आणि अँजेलिका क्रॅट्झर यांचे ‘हवे’, ‘शक्य’ अशा शब्दांच्या अर्थावरचे काम. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश ऑनलाइन विनामूल्य आहे. त्यातल्या नोंदीच्या शेवटची संदर्भयादी हाच तुमचा नकाशा. फिलपेपर्स या संकेतस्थळावर लेखाची खुली प्रत पुष्कळदा मिळते.

संस्कृतची तोंडओळख असेल, तर मीमांसा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र, सोडू नका. ‘स्वर्गकामो यजेत’ (स्वर्ग हवा असणाऱ्याने यज्ञ करावा) या वाक्यातले ‘यजेत’ माणसाला कृतीकडे कसे वळवते, यावर मीमांसकांनी शेकडो वर्षे वाद घातला. कुमारिलांच्या परंपरेने शाब्दी भावना (शब्दाने माणसाला प्रवृत्त करणे) आणि आर्थी भावना (माणसाने फळासाठी कृतीकडे वळणे) असे दोन थर सांगितले. प्रभाकरांच्या मते विधिवाक्यातून नियोगाचा, म्हणजे कर्तव्याचाच बोध होतो. मंडनमिश्रांनी ‘विधिविवेक’ या ग्रंथात विधीचा अर्थ इष्टसाधनता असा लावला: हे केल्याने हवे ते साधते, एवढेच विधी सांगतो. हेअर आणि एअर यांच्या प्रश्नाशी हा वाद थेट भिडतो, तरीही त्यावर नेमके, वाक्यावाक्याला धरून केलेले काम अजून पुष्कळ व्हायचे आहे. सुरुवात लौगाक्षि भास्करांच्या ‘अर्थसंग्रहा’पासून करा, ग्रंथ छोटा आहे आणि पारिभाषिक शब्द त्यात क्रमाने येतात.

मराठी परिभाषेसाठी दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ आणि मराठी विश्वकोश हाताशी ठेवा. ‘परामर्श’ आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे ‘नवभारत’ यांचे जुने अंक मिळतील तिथून चाळा. मे. पुं. रेगे यांच्यासारख्यांनी आधुनिक पाश्चात्त्य नीतिविचार मराठीत कसा मांडला, हे पाहिले की लिहिताना धीर येतो. एका संकल्पनेला प्रबंधभर एकच मराठी शब्द वापरा. पहिल्या प्रकरणात ‘मूल्य’ आणि चौथ्यात ‘श्रेय’ असे झाले, तर परीक्षक दोन संकल्पना समजतो आणि तुम्हाला न विचारलेल्या प्रश्नाची उत्तरे द्यावी लागतात.

नेट आणि सेट

यूजीसी-नेट, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) राष्ट्रीय पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा होते. पहिल्या पेपरात ५० प्रश्न, दुसऱ्यात १००, प्रत्येकी २ गुण, एकूण ३०० गुण आणि तीन तास. दोन्ही पेपर सलग असतात. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात दहा घटक आहेत. तुमच्या क्षेत्राला धरून असलेले चार: भारतीय नीतिशास्त्र, पाश्चात्त्य नीतिशास्त्र, अलीकडचे पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र. भारतीय नीतिशास्त्रात अपूर्व (कर्मातून निर्माण होणारे, पुढे फळ देणारे सामर्थ्य), इतिकर्तव्यता (कर्म कसे करायचे ती रीत), साध्य-साधन या मीमांसेच्या संकल्पना नावानिशी आहेत. हे चार घटक आधी पक्के करा आणि तर्कशास्त्र रोज अर्धा तास सोडवा, कारण तिथले गुण सरावाने नक्की मिळतात. या क्षेत्रातल्या मुलांचे गुण जातात ते समकालीन भारतीय तत्त्वज्ञान आणि भारतीय सामाजिक-राजकीय विचार या घटकांत. विचारवंत, ग्रंथ आणि मुख्य संकल्पना यांच्या जोड्या लावायचे प्रश्न तिथे येतात आणि ‘हे तर आपल्याला माहीतच आहे’ म्हणून ते घटक वाचलेले नसतात.

२०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) आणि सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांच्या प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. त्यामुळे संशोधन आराखडा निकालानंतर लिहायला घेऊ नका. परीक्षेच्या आधी कच्चा का होईना, तयार हवा. जेआरएफची रक्कम २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. तिच्यातून शिष्यवृत्ती मिळत नाही, पण राज्यातल्या सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते. नेटचा अभ्यास झाला असेल तर सेट द्यावीच. जेआरएफ हुकली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गानुसार पाहा. भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषद ही १९७७ साली स्थापन झालेली संस्थाही तत्त्वज्ञानासाठी अधिछात्रवृत्ती देते. यांच्या जाहिराती थोड्याच दिवसांसाठी खुल्या असतात आणि नोंदणीचा पुरावा मागतात, म्हणून प्रवेशाची कागदपत्रे स्कॅन करून एकत्र ठेवा.

प्रश्न निवडणे

‘कांट आणि गीता: एक तौलनिक अभ्यास’ किंवा ‘नैतिक भाषेचे स्वरूप’ अशी शीर्षके घेऊन दरवर्षी कितीतरी आराखडे येतात. त्यांची अडचण अशी की त्यांत कोणी असहमत होऊ शकेल असे काही म्हटलेलेच नसते. ज्याला ‘हे चूक आहे’ असे कोणी म्हणू शकत नाही, तो विषय असतो. प्रश्न अजून यायचा असतो. दुसरी कसोटी: तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ निघाले तर आणि ‘नाही’ निघाले तर, कोणत्या प्रसिद्ध मताला धक्का बसतो हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

मराठीभाषकाला या क्षेत्रात एक खरा लाभ आहे, आणि तो वाया जाताना पाहून वाईट वाटते. नैतिक भाषेवरचे बहुतेक सिद्धांत इंग्रजी वाक्यांवर घासूनपुसून तयार झाले आहेत. मराठी वाक्ये त्यांच्यापुढे ठेवली की काही ठिकाणी ते अडखळतात. दोन उदाहरणे पाहा.

‘चोरी करू नकोस’ ही आज्ञा. ‘चोरी करू नये’ हा विध्यर्थ. आता दोन्ही मोठ्या वाक्यात बसवून पाहा. ‘चोरी करू नये हे त्याला पटले आहे’ हे सहज चालते. ‘चोरी करू नकोस हे त्याला पटले आहे’ हे कानाला खटकते. ‘चोरी करू नये असे असेल, तर चोराला मदतही करू नये’ चालते. आज्ञार्थ तिथे बसत नाही. म्हणजे ‘करू नये’ वागण्याची दिशा तर देते, पण पटणे, शंका घेणे, ‘असेल तर’ या सगळ्यांखाली विधानासारखे वावरते. नैतिक वाक्ये आज्ञांच्या जवळची आहेत असे म्हणणाऱ्याला या रूपाचा हिशेब द्यावा लागेल. एका शोधनिबंधाला एवढा प्रश्न भरपूर आहे.

दुसरे. ‘मी जायला हवे, पण मी जाणार नाही’ हे बोलता येते. माणूस आपले कर्तव्य मान्य करतो आणि टाळतो. ‘मला जावे लागेल, पण मी जाणार नाही’ यात विसंगती जाणवते. भूतकाळात फरक आणखी ठळक होतो: ‘मी जायला हवे होते’ म्हणजे बहुधा गेलो नाही, ‘मला जावे लागले’ म्हणजे गेलोच. कर्तव्य आणि सक्ती यांच्यातला भेद इथे क्रियापदाच्या रचनेतच उतरला आहे. काई फॉन फिंटेल आणि सबीन आयाट्रिडू यांनी २००८ मध्ये वेगवेगळ्या भाषांत सौम्य (‘हवे’सारखी) आणि कडक (‘लागेल’सारखी) आवश्यकता कशी व्यक्त होते यावर लिहिले आहे. मराठीची सामग्री त्या चर्चेपुढे ठेवता येते.

अशी सामग्री वापरताना शिस्त लागते. फक्त स्वतःच्या कानावर विसंबू नका. निदान पाच ते आठ मराठीभाषक घ्या आणि ते एकाच गावचे किंवा एकाच वर्गातले नसावेत. कोकणातले, विदर्भातले, मराठवाड्यातले कान वेगळे असू शकतात. वाक्य सुटे विचारू नका, आधी दोन ओळींत प्रसंग सांगा. ‘हे बरोबर आहे का?’ असे विचारले की लोक शाळेतले व्याकरण आठवून उत्तर देतात. त्याऐवजी ‘या प्रसंगी असे कोणी बोलेल का?’ असे विचारा आणि १ ते ७ या श्रेणीत उत्तर घ्या. अधूनमधून तपासणीशी संबंध नसलेली वाक्येही घाला, नाहीतर लोकांना तुमचा अंदाज कळतो. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची संमती लागते का, हे आधी विचारून घ्या. इंग्रजी लेखात प्रत्येक उदाहरण तीन ओळींत द्यायचे: मराठी वाक्य लिप्यंतर करून, त्याखाली शब्दाला शब्द व्याकरणिक खुणांसह, त्याखाली अर्थ.

एवढे करूनही एक धोका उरतो. भाषेतल्या वस्तुस्थितीवरून नीतीतला निष्कर्ष थेट काढता येत नाही. ‘मराठीत असे म्हणतात, म्हणून कर्तव्य असे असते’ ही उडी परीक्षक पहिल्याच वाचनात पकडतो. मधला दुवा, म्हणजे भाषेतला हा भेद कोणत्या तात्त्विक सिद्धांताच्या कोणत्या गृहीतकाला छेद देतो, तो दरवेळी स्पष्ट लिहावा लागतो.

आराखडा आणि मार्गदर्शक

आराखडा १,५०० ते २,००० शब्दांत बसवा. पहिल्या परिच्छेदात प्रश्न, दुसऱ्यात त्यावरची दोन किंवा तीन प्रतिस्पर्धी मते, मग तुमचे तात्पुरते उत्तर, त्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप, पद्धत, प्रकरणांची मांडणी आणि २० ते ३० संदर्भ. महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके यांचे साचेबद्ध रकाने विद्यापीठाच्या अर्जात असतील तर भरा, पण मुलाखतीत विचारतात ते प्रश्न आणि आक्षेप यांबद्दलच.

मार्गदर्शक निवडताना त्यांनी गेल्या पाच वर्षांत काय लिहिले आहे ते वाचा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएचडी विद्यार्थी असू शकतात. जागा आहे का, हे आधी विचारणे यात काहीच गैर नाही. या क्षेत्रासाठी तत्त्वज्ञान विभागाबाहेर भाषाशास्त्राचा एक सहमार्गदर्शक मिळाला तर फार उपयोग होतो. तत्त्वज्ञान विभाग विद्यापीठांत तर असतातच. आयआयटी मुंबईच्या मानव्यविद्या विभागातही तत्त्वज्ञानात पीएचडी करता येते. प्रबंध मराठीतून द्यायचा असेल तर विद्यापीठ ते चालवून घेते का आणि माध्यम कधी नोंदवायचे, हे नोंदणीआधी तपासा. मराठीतून लिहिलात तरी एखादे प्रकरण इंग्रजी लेख म्हणूनही करा. आक्षेप घेणारे वाचक दोन्हीकडे आहेत.

नोंदणीनंतर

किमान तीन आणि कमाल सहा वर्षे. सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क, त्यात संशोधन आणि प्रकाशन नैतिकतेचा अभ्यासक्रम. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्राला प्रगती मांडावी लागते. त्या तारखेचा उपयोग करून घ्या: प्रत्येक सादरीकरणाला ३,००० शब्दांचा नवा मजकूर घेऊन जायचा, असे ठरवले तर तीन वर्षांत १८,००० शब्द तपासून झालेले असतात. पहिले प्रकरण ‘पार्श्वभूमी’चे असते म्हणून तिथून सुरुवात करणारे वर्षभर तिथेच राहतात. ज्या प्रकरणात तुमचा युक्तिवाद आहे, ते आधी लिहा. पार्श्वभूमी किती लागते हे तेव्हाच कळते.

वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचे २०१८ चे नियम १० टक्क्यांपर्यंतचे साम्य सौम्य धरतात. या विषयात साम्य वाढते ते दुसऱ्यांची मते सांगताना. वाचताना पुस्तक मिटून नोंद लिहिण्याची सवय लावली की ही अडचण मुळातच येत नाही.

पहिला लेख

प्रकरण तसेच्या तसे नियतकालिकाला पाठवू नका. प्रकरणात वाचकाला सर्व शिकवायचे असते. लेखात एकच गोष्ट पटवायची असते. साधारण ८,००० शब्द ही वरची मर्यादा धरा. ‘ॲनालिसिस’ हे नियतकालिक ४,००० शब्दांपर्यंतचेच लेख घेते, आणि एका प्रतिउदाहरणावर उभा असलेला पहिला लेख तिथल्या आकारात लिहून पाहणे हा उत्तम व्यायाम आहे. नाव, आभार, ‘माझ्या आधीच्या लेखात’ असे उल्लेख आणि फाइलच्या गुणधर्मांतले नाव काढून टाका, कारण परीक्षण निनावी असते. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. उत्तराला तीन ते सहा महिने लागणे नेहमीचे आहे. नकारासोबत परीक्षकांचे शेरे आले, तर दोन आठवडे थांबून त्यांतल्या प्रत्येक आक्षेपाला लेखात आधीच उत्तर देऊन घ्या आणि दुसरीकडे पाठवा.

यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केल्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी तुमच्यावर आणि विद्यापीठावर आहे. आठवड्यात छापून देण्याची हमी, व्हॉट्सॲपवर पैशांची मागणी, एकाच अंकात तत्त्वज्ञानाशेजारी वाणिज्य आणि रसायनशास्त्र, ‘आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) आहे’ हाच दर्जाचा पुरावा: यांतले एकही दिसले तर दूर राहा. असा एक लेख पुढे प्रत्येक मुलाखतीत तुमच्यासमोर ठेवला जातो.

परिषदेत २० मिनिटे मिळतात, त्यात मराठीतून सुमारे २,००० शब्द बसतात. दोन पानांचे टिपण वाटा, त्यावर उदाहरणवाक्यांना क्रमांक द्या. श्रोते ‘तिसऱ्या वाक्याबद्दल विचारायचे आहे’ असे म्हणू शकले की चर्चा नेमकी होते.

परदेशी अर्ज

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या मुदती बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपतात. तिथे गुणपत्रिकेपेक्षा लेखननमुना निर्णायक ठरतो: साधारण १५ ते २० पाने, एकच युक्तिवाद, प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडलेली. शिफारसपत्रे सहसा तीन लागतात. शिक्षकांना दोन महिने आधी सांगा आणि सोबत लेखननमुना द्या, म्हणजे पत्रात ‘मेहनती विद्यार्थी’ याच्यापलीकडचे काही येते. मराठी सामग्रीवरचा नमुना पाठवायला कचरू नका. निवड समितीने तसे काही वाचलेले नसण्याची शक्यता मोठी आहे.

नोकरी

२०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकपदाची किमान पात्रता नेट किंवा सेट आहे, पीएचडी अनिवार्य नाही. पण यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतल्या विद्यापीठीय निवडतक्त्यात पीएचडीला ३० गुण आहेत आणि शोधनिबंधांना प्रत्येकी २ याप्रमाणे जास्तीत जास्त १०, त्यामुळे पीएचडीविना यादीत वर येणे कठीण. प्रत्येक जाहिरातीत कोणता तक्ता लावला आहे ते नीट वाचा. नियमित पदाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते.

महाराष्ट्रात बहुतेकांची सुरुवात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर होते. मानधन तासाप्रमाणे असते आणि सुट्ट्यांत मिळत नाही, म्हणून आठवड्याला किती तासिका घ्यायच्या हे अधिछात्रवृत्तीच्या अटी पाहून ठरवा. विद्यापीठाची मान्यता घेतलेली नेमणूकच पुढे अनुभव म्हणून धरली जाण्याची शक्यता असते. नेमणूकपत्र, मान्यतेचे पत्र आणि तासिकांची नोंद प्रत्येक वर्षाच्या शेवटी महाविद्यालयाकडून लेखी घ्या. नंतर प्राचार्य बदलतात, कार्यालयातली माणसे बदलतात आणि ही कागदपत्रे मिळवायला महिने जातात.

मुलाखतीत नमुना तासिका घ्यायला सांगतात. तेव्हा गीच यांचा पेच फळ्यावर तीन ओळींत मांडा, मराठी वाक्यांत, आणि ‘असेल तर’खाली रेघ ओढून वर्गाला विचारा की इथे नापसंती कोणी व्यक्त केली. दहा मिनिटे त्यात सहज जातात, आणि बारावी झालेला विद्यार्थीही त्यात भाग घेऊ शकतो.